आवडते तिला सांगायचंय? मग आधी एवढं बघ

भावा, तिला पाठवायला लिहिलेला तुझा तो लांबलचक मेसेज वाचला, लिहिलायस चांगला पण पाठवू नकोस. पहिल्यांदा सांगताना लोक हमखास इथेच माती खातात, 'तुझ्याशिवाय जगू शकत नाही' वगैरे लिहून मोकळे होतात आणि समोरचीला कळतच नाही याला उत्तर काय द्यायचं, अजून दोघांनी धड एकत्र चहासुद्धा घेतलेला नाही ना.

सुरुवातीला एवढंच कर:

- छोटं बोल. "तू मला आवडतेस. शनिवारी कॉफीला येशील का, फक्त आपण दोघं?" बास. ते 'फक्त आपण दोघं' गाळू नकोस, नाहीतर ती अख्खा ग्रुप घेऊन येईल आणि तू बसशील बिल भरत.
- कौतुक दिसण्याचं नको, तिने केलेल्या गोष्टीचं कर. ट्रेकला घाबरलेल्या पोरांना तिने सांभाळून खाली आणलं म्हणालास ना, ते बोल की.
- मित्राकरवी निरोप, स्टेटसला शायरी, रात्री एकला 'झोपलीस का', सगळं बंद.

आणि "बघू", "सध्या कामं आहेत" म्हणाली आणि दुसरा दिवस स्वतः सुचवला नाही तर तो नकारच समज, आपल्याकडे तोंडावर नाही म्हणायला लोक कचरतात. स्पष्ट नको म्हटल्यावरही मागे लागणं, सतत मेसेज करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे, एकाच ऑफिसात असाल तर कामाच्या ठिकाणी बायकांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा वेगळाच. लग्न, घरचे वगैरे आत्ता डोक्यात घेऊच नकोस. शनिवारचं विचार आधी.