ई-लिक्विड घेताना आधी आकडा बघ
सिगारेट सोडायला व्हेपकडे, म्हणजे ई-सिगारेटकडे वळतोयस, तर तिच्यात भरायच्या लिक्विडच्या बाटलीवरचं आंब्याचं चित्र नंतर बघ. आधी निकोटीन शोध. इथे यूकेत निकोटीनची बाटली 10 मिलीपेक्षा मोठी आणि मिलीमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा कडक चालत नाही. तरी काहींवर आकडा इतका बारीक, तोही चकाकत्या कागदावर, की मोबाईलचा टॉर्च लावावा लागतो. नुसता वैताग! कुठे फक्त '2%' लिहिलेलं असतं. ते दोन नव्हे, वीस मिलिग्रॅम. नवखे इथेच फसतात आणि मग डोकं गरगरतं, मळमळतं.

छोट्या पॉडला (छोटा, साधा व्हेप) व्हीजी-पीजी निम्मं-निम्मं घे; व्हीजी म्हणजे दाट व्हेजिटेबल ग्लिसरीन, पीजी म्हणजे पातळ प्रोपिलीन ग्लायकॉल. 70 टक्के व्हीजीचं दाट लिक्विड कापसात मुरत नाही, कॉइल (लिक्विड तापवणारी तार) जळते. प्रमाण छापलंच नसेल तर बाटली परत ठेव, दुकानदार काहीही सांगो.

शॉर्टफिल म्हणजे वर जागा ठेवून भरलेली, बिननिकोटीनची मोठी बाटली. तिच्या 50 मिली शून्य निकोटीनमध्ये मिलीमागे 18 मिलिग्रॅमचा 10 मिली शॉट (निकोटीनची छोटी बाटली) घातलास की मिलीमागे 3 मिलिग्रॅम होतं. लगेच मार्करने तसं लिही, कारण लेबल शून्यच म्हणत राहतं.

आणि भारतात जाताना यातलं काहीही बॅगेत नको, 2019 च्या कायद्याने तिथे व्हेपची आयातही बंद आहे.