खेड्यात राहून सीएनसीच्या सॉफ्टवेअरसाठी मदत कुठून मिळवावी?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की अवजारांच्या वर्कशॉपसाठी जुनी सीएनसी (संगणकाच्या कोडवर चालणारी) मिलिंग मशीन घेतली, फानुक कंपनीच्या कंट्रोलरची. फ्रीकॅड या फुकटच्या डिझाइन सॉफ्टवेअरमधून काढलेला प्रोग्राम दिला की अलार्म येतो, विकणारा फोन उचलत नाही, आणि इंग्रजीत विचारायला संकोच वाटतो. माझं वर्कशॉप दारव्ह्याकडे आहे, डवरे-तिफणींचं. हे सगळं भोगून झालंय.

पेरणी यंत्राची चकती करायची होती, सोयाबीनची. प्रोग्राममधली एक ओळ मी हातानं बदलली, एक्स१२० लिहिलं, म्हणजे टेबल १२० मिलिमीटर सरकव. सायकल स्टार्ट दाबलं तर टेबल जागचं हलेना. मोटर गेली समजून नागपूरहून माणूस बोलावला. त्यानं मोटर उघडली, पुसली, परत बसवली, पैसे घेतले. पुन्हा तेच. शेवटी कोड जसाच्या तसा नेटवर टाकला, तर एका अनोळखी माणसानं एवढंच लिहिलं, ‘१२० नंतर टिंब द्या.’ फानुकच्या बऱ्याच मशीन अशा लावलेल्या असतात की टिंब नसलं तर आकडा मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात धरतात. म्हणजे टेबल हललं होतं बाप्पा, पण ०.१२ मिलिमीटर. डोळ्याला काय दिसणार!

तेव्हा ‘मशीन चालत नाही, मदत करा’ असं विचारू नका. अलार्मचा नंबर, कंट्रोलरवर लिहिलेलं मॉडेल, फ्रीकॅडमध्ये कोणता पोस्ट प्रोसेसर निवडला (तो काय ते खाली सांगतो) आणि प्रोग्रामच्या पहिल्या पंधरा ओळी, एवढं द्या. ओळी मजकूर म्हणून चिकटवा, स्क्रीनचा हललेला फोटो नको. फ्रीकॅडच्या हेल्प मेनूत ‘अबाउट’मध्ये आवृत्तीची माहिती कॉपी करायचं बटण आहे, तीही सोबत टाका. इंग्रजी मोडकंतोडकं चालतं, कोड सगळ्यांना सारखाच वाचता येतो.

तुमचा घोळ मला पोस्ट प्रोसेसरमध्येच वाटतो. चित्रावरून ठरलेला टूलचा रस्ता तुमच्या कंट्रोलरच्या बोलीत लिहून देणारा तो दुभाषा. लिनक्ससीएनसी या दुसऱ्या कंट्रोलरचा निवडून फानुकला दिलात तर तो कुरकुरणारच. फाईल टक्क्याच्या चिन्हानं सुरू होते का, पुढं ओ अक्षर आणि प्रोग्राम नंबर आहे का (शून्य नाही, ओ), हे बघा. मशीनला आपोआप टूल बदलायची सोय नसेल तर एम६ ची ओळ काढून टाका. जी२१ (आकडे मिलिमीटरमध्ये धर, हा हुकूम) असलंच पाहिजे, नाहीतर मशीन इंचावर लावलेली असली तर मिलिमीटरचे इंच होतात आणि जॉब २५.४ पट!

व्हिडिओ बघून शिकत असाल तर एक गोष्ट: जुन्या व्हिडिओत ‘पाथ’ नावाचा विभाग दिसतो, तो २०२४ च्या १.० आवृत्तीपासून ‘कॅम’ झाला. मी त्यापायी दोन दिवस मेनू उपसत बसलो होतो. फ्रीकॅड सोडू मात्र नका. आपल्याकडं नेट कधी असतं कधी नसतं, हे त्याच्याशिवायही चालतं.

जवळचा माणूस हवाच असेल तर तालुक्याच्या आयटीआयमधल्या मशिनिस्टच्या सरांना भेटा. सॉफ्टवेअर त्यांना येईलच असं नाही, पण कोड वाचून देतात. मी दुपारी चहाच्या वेळेला जातो, तेव्हा सर मोकळे असतात.

दुरुस्त केलेला प्रोग्राम आधी हवेत चालवा, जॉबला टूल न लावता. झेड (टूलची उंची) ५० मिलिमीटर वर, सिंगल ब्लॉक (एकेक ओळ थांबून चालवणं) चालू, फीड कमी, हात लाल बटणावर. त्या पंधरा ओळी इथंच खाली टाका, रात्री बघतो.