डिस्क रिकामी, तरी डेटाबेस फुल कसा?

प्रश्न: मी मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. आमचं पट्टीचं, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या विक्रीच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस २०१९ वर चालतं. ऐन सीझनात, सौदे जोरात असताना एकाएकी पट्टी सेव्हच होईना, 'प्रायमरी फाइलग्रुप फुल' असा एरर. डी ड्राइव्हला ३०० जीबी मोकळे दिसतायत! सॉफ्टवेअरवाला फोनवर म्हणाला जुना डेटा उडवा, मी चार वर्षांचा उडवला, काम सुरू झालं. पण एमडीएफ फाइल, म्हणजे डेटा ठेवायची फाइल, अजून १० जीबीच दाखवते, एक एमबीसुद्धा कमी नाही. मग मोकळी झालेली जागा गेली कुठं, आणि परत कधी अडकणार हे आधी कसं कळायचं?
– एक दिवाणजी, सांगली

उत्तर: दिवाणजी, आधी मला सांगा, उडवायच्या आधी बॅकअप घेतला होता ना? जीएसटीचा हिशेब त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या ड्यू डेटपासून ७२ महिने ठेवावा लागतो, त्यामुळे तो जुना बॅकअप दोन ठिकाणी जपून ठेवा आणि कुठल्या वर्षाचा आहे ते वर लिहून ठेवा. फोनवर 'उडवा' म्हणणाऱ्याचं काय जातंय, नोटीस आली तर दुकानाला येणार.

आता जागेचं. एक्सप्रेस ही फुकटची आवृत्ती, २०२२ पर्यंतच्या एक्सप्रेसला एका डेटाबेसमागे डेटा फाइल १० जीबीपर्यंतच वाढवता येते, डिस्कवर ३०० असूदे नाहीतर ३०००. त्यामुळे 'माय कॉम्प्युटर' उघडून निळी पट्टी बघण्यात काही अर्थ नाही, तुमचा अडथळा तिथं नव्हताच.

आणि फाइल लहान का झाली नाही? हरिपूरची पेवं आठवा, हळद साठवायचे जमिनीतले खड्डे. पेवातनं हळद काढली म्हणून खड्डा लहान होतो का? खड्डा तेवढाच राहतो, फक्त आत पुढच्या पोत्यांना जागा होते. एमडीएफचं तसंच आहे, नोंदी उडवल्या की आतली पानं (पेजेस, फाइलमधले ठरावीक मापाचे कप्पे) मोकळी होतात, नवीन पट्ट्या तिथंच बसतात, म्हणून तर तुमचं काम सुरू झालं. फाइलची साइज बघून आत किती मोकळं आहे हे कधीच कळत नाही, आणि नेमकं तेच सगळे बघत बसतात.

आतलं बघायला मॅनेजमेंट स्टुडिओत (एसक्यूएल सर्व्हर हाताळायचा प्रोग्रॅम) आपला डेटाबेस निवडून 'एसपी अंडरस्कोर स्पेसयूज्ड' चालवा. 'अनअलोकेटेड स्पेस' म्हणून जो आकडा येतो तो तुमचा, म्हणजे अजून कुठल्याच टेबलाला न दिलेली जागा. शेजारी 'डेटाबेस साइज' असतं, त्यात लॉग फाइलपण (प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी वेगळी फाइल) धरलेली असते, ते १० जीबीच्या वर दिसलं तर घाबरू नका, मर्यादा लॉगला नाही. जागा कोण खातंय ते बघायचं तर डेटाबेसवर राइट क्लिक करून रिपोर्ट्समध्ये 'डिस्क युसेज बाय टॉप टेबल्स' बघा. मी बघितलंय, बऱ्याचदा पट्ट्या बिचाऱ्या किरकोळ असतात आणि काटा-पावतीचे स्कॅन केलेले फोटो डेटाबेसमध्येच कोंबलेले असतात. तसं निघालं तर फोटो बाहेर फोल्डरला ठेवायला सांगा, वर्षं उडवायची गरजच पडणार नाही.

एवढं रोज करायला तुम्हाला वेळ नाही हे मला माहीत आहे. पण मीटर तुमच्याकडं आधीच आहे, रोज रात्री पेन ड्राइव्हवर घेता तो फुल बॅकअप! बॅकअपमध्ये भरलेली पानंच जातात, मोकळी जात नाहीत, आणि तुमच्या एक्सप्रेसमध्ये बॅकअप दाबून लहान करायची सोय नाही, म्हणजे बॅकअप फाइलची साइज म्हणजे साधारण आतला खरा माल. फक्त रोज नवीन फाइल पाहिजे, त्याच फाइलला जोडत गेलात तर आकडा फुगत जाईल.

पावसाळ्यात आपण काय करतो? आयर्विन पुलाला पाणी किती फूट एवढंच विचारून थांबतो का, तासाला किती चढतंय आणि कोयनेतनं किती सोडलंय तेपण विचारतो की. ४० फूट इशारा, ४५ धोका, पण ३८ वर असून झपाट्यानं चढत असेल तर गाठोडं आधीच बांधायचं. तसं दर सोमवारी वहीत बॅकअपची साइज लिहा. समजा महिन्यात १२० एमबीनं वाढली आणि आत २,४०० एमबी मोकळे आहेत, तर २० महिने. पण हा हिशेब दिवाळीच्या आसपासचा असेल तर फसाल, फेब्रुवारीपासून नवीन हळद यायला लागली की वाढ दुप्पटसुद्धा होईल, म्हणून मागच्या सीझनचा वेग धरा. एका सीझनपुरती जागा उरली की इशारा, महिन्यापुरती उरली की धोका, असं मी धरतो.

एक्सप्रेसमध्ये एजंट, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप कामं करणारी सोय, नाही, त्यामुळे आपोआप मेल वगैरे विसरा. कुणी जाणकार पोरगा असेल तर विंडोजच्या टास्क शेड्युलरमधून 'एसक्यूएलसीएमडी' (कमांड देऊन डेटाबेसला विचारायचं साधन) लावून रोजचा आकडा टेक्स्ट फाइलला लिहून घेता येतो.

कुणीतरी 'श्रिंक करा', म्हणजे फाइल दाबून लहान करा, म्हणेल. करू नका. इंडेक्स विस्कटतात, रिपोर्ट रखडतात, आणि सीझनात फाइल परत तेवढीच होणार. २०२५ च्या एक्सप्रेसला मर्यादा ५० जीबी केलीय, तो खरा मार्ग आहे, पण सॉफ्टवेअरवाल्याकडून चालेल असं लेखी घ्या, कारण नवीन आवृत्तीवर गेलेला डेटाबेस परत जुन्यावर रिस्टोअर होत नाही.

प्रश्न: आमचं उलटं आहे. डेटा २ जीबी आणि लॉग फाइल ३८ जीबी, डिस्कच भरत आलीय. ती लॉगची एलडीएफ फाइल डिलीट करू का?
– एक वाचक, सातारा

उत्तर: अजिबात नको! डेटाबेस उघडायचाच नाही मग. तुमचं रिकव्हरी मॉडेल बहुतेक 'फुल' आहे आणि लॉगचा बॅकअप कुणी कधी घेतलेला नाही, फुल बॅकअपनं लॉग रिकामा होत नाही. 'सिस डेटाबेसेस' या यादीत 'लॉग रीयूज वेट डेस्क'च्या कॉलमला 'लॉग बॅकअप' लिहिलेलं दिसेल. कालच्या बॅकअपवर भागत असेल तर मॉडेल 'सिंपल' करा, नसेल भागत तर लॉगचा बॅकअप दर तासाला लावा. त्यानंतर लॉग फाइल एकदाच श्रिंक केली तर चालेल, हे मी वर दिवाणजींना नको म्हणालो ते डेटा फाइलबद्दल होतं.