कॉन्फिग_एनेबल्ड() काढताना: आधी केकॉन्फिग उघडा

लिनक्सच्या ४.४ कर्नलवरचा (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) ड्रायव्हर नव्या कर्नलवर नेताना कॉन्फिग_एनेबल्ड() हा, एखादा पर्याय चालू आहे का ते तपासणारा मॅक्रो सापडत नाही, मग 'सेड' (शोधून बदलणारी कमांड) चालवून सगळीकडे इज_एनेबल्ड() करून टाकू का, असं तुम्ही विचारलंय. नको. निदान सरसकट नको.

केकॉन्फिग म्हणजे कर्नलचे पर्याय जिथे ठरतात त्या फाइल. तिथे पर्याय बूल (फक्त 'वाय' किंवा 'एन', म्हणजे हो किंवा नाही) असेल तर खुशाल बदला, दोन्हींचा अर्थ एकच. घोळ ट्रायस्टेटमध्ये आहे, म्हणजे जिथे 'एम' (मॉड्यूल, कर्नलला नंतर जोडता येणारा तुकडा) ही तिसरी निवडही असते. 'वाय' (कर्नलमध्येच बिल्टइन) निवडलं की कॉन्फिग_फू (फू हे नमुन्याचं नाव) ची व्याख्या १ होते. 'एम' निवडलं की कॉन्फिग_फू कोराच राहतो आणि कॉन्फिग_फू_मॉड्यूल १ होतो. कॉन्फिग_एनेबल्ड() फक्त पहिलं नाव बघायचा, म्हणजे मॉड्यूल असेल तर उत्तर शून्य; इज_एनेबल्ड() दोन्ही नावं बघतो. नाव 'एनेबल्ड', काम मात्र इज_बिल्टइन() चं! लिहिणाऱ्याला यातलं नेमकं काय हवं होतं, ते कोड वाचून कळत नाही.

म्हणूनच २०१६ मध्ये कर्नल डेव्हलपर मासाहिरो यामादा यांनी कर्नलभर हा मॅक्रो बदलला, तेव्हा फक्त बूल पर्यायांना हात लावला. ट्रायस्टेटच्या दोन जागा सापडल्या, एक एटीएच१०के वायफाय ड्रायव्हरमध्ये, दुसरी जीएमए५०० या ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये. मूळ लेखकाचा हेतू माहीत नाही म्हणून त्या तशाच सोडल्या. ४.९ मध्ये मॅक्रोच गेला.

आम्ही एवढे शहाणे नव्हतो. हिंजवडीतल्या माझ्या जुन्या कंपनीत मीच 'सेड' मारला होता. एचडब्ल्यूमॉन (तापमान वगैरे दाखवणारा कर्नलचा भाग) 'एम' होता, आमचा ड्रायव्हरही मॉड्यूल, त्यामुळे लिंकिंग (कोडचे तुकडे जोडणं) बिनबोभाट झालं आणि वर्षानुवर्षं झोपलेला तापमानाचा कोड जागा झाला. एचडब्ल्यूमॉनला तापमान अंशाच्या हजाराव्या भागात लागतं, कोड सरळ अंश देत होता. ४५ अंशांचं ०.०४५ झालं. चाकणच्या ग्राहकाकडून फोन आला, "मशीन फ्रीजमध्ये ठेवलंय का हो?"

आमचा ड्रायव्हर बिल्टइन असता आणि एचडब्ल्यूमॉन मॉड्यूल, तर निदान लिंकर 'अनडिफाइन्ड रेफरन्स' म्हणून ओरडला असता. तसं झालं की लोक लगेच इज_रीचेबल() (तो भाग इथून खरंच वापरता येतो का ते बघणारा मॅक्रो) टाकतात. एरर जाते खरी, पण सोयही गुपचूप जाते, आणि 'एम' निवडूनही काही दिसत नाही म्हणून वापरणारा डोकं खाजवत बसतो. त्यापेक्षा केकॉन्फिगमध्येच 'डिपेंड्स ऑन फू || फू=एन' लिहा. मग फू मॉड्यूल असताना तुमचा ड्रायव्हर बिल्टइन करताच येणार नाही.

तेव्हा ग्रेपने (शोधणारी कमांड) सगळ्या जागा काढा. बूलच्या जागा एका पॅचमध्ये (बदलांचा एक संच) उरका. ट्रायस्टेटच्या जागी आधी इज_बिल्टइन() घाला, म्हणजे वागणूक जशीच्या तशी राहते. हेतू इज_एनेबल्ड() चाच होता अशी खात्री पटली, तर तो बदल वेगळ्या पॅचमध्ये करा, आणि पाठवण्याआधी 'वाय', 'एम', 'एन' तिन्ही बिल्ड करून बघा. आमच्या पॅचमध्ये सगळं एकत्र होतं, त्यामुळे उलटवताना बूलचे बदलही परत करावे लागले.