काटा हलेनासा होतो तेव्हा: वाचकांचे प्रश्न

'वजन उतरता उतरता मध्येच थांबलं, आता काय करू?' अशा अर्थाच्या पत्रांपैकी चार पत्रं या वेळी घेतली आहेत. पहिल्याचं उत्तर मुद्दाम सविस्तर दिलंय, कारण पुढच्या तिन्ही उत्तरांचा पाया त्यात आहे.

प्रश्न : वय ४२, उंची १५८ सेंमी, वजन ८२ किलो होतं. दिवसाच्या चपात्या चारवर आणल्या, तळण आणि गोड बंद केलं, रोज ५ किलोमीटर चालते. पहिल्या महिन्यात साडेतीन किलो उतरलं, दुसऱ्यात दोन, मग दीड, मग एक. आता सात आठवडे काटा ७४ वर अडकलाय. जेवण तेच, चालणं तेच. घरचे म्हणतात, चोरून खात असशील. माझं कुठे चुकतंय?
*एक वाचक, सांगली*

चोरून खाण्याचा आरोप आधी बाजूला ठेवू. 'जेवण तेच, चालणं तेच' असं तुम्ही लिहिलंय, त्यातच अर्धं उत्तर आहे. जेवण तेच असलं तरी जेवणारं शरीर आता ८२ किलोचं राहिलेलं नाही.

पहिल्या महिन्यातले साडेतीन किलो ही काही सगळी चरबी नव्हती. यकृत आणि स्नायू मिळून चारशे-पाचशे ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साठवणीची साखर, बाळगून असतात आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमला सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून असतं. खाणं कमी केलं की हा साठा खाली येतो, पाणी लघवीवाटे जातं आणि किलो-दीड किलो वजन तेवढ्यानेच उतरतं. पुढच्या महिन्यांची तुलना त्या वेगाशी केली की निराशा पदरी येणारच. चरबीचा वेग तुमच्या दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात दिसला, आणि तो उत्तम होता.

आता खर्चाची बाजू. नुसतं पडून राहिलं तरी शरीराला किती कॅलरी लागतात, ते काढायचं एक सूत्र आहारतज्ज्ञ वापरतात. बायकांसाठी ते असं : वजनाची १० पट, अधिक उंचीची सव्वासहा पट, वजा वयाची ५ पट, वजा १६१. तुमचे आकडे घातले तर ८२ किलोला १४३७ येतात आणि ७४ किलोला १३५७. म्हणजे ८० कॅलरी इथेच कमी झाल्या. शिवाय तेच ५ किलोमीटर आता तुम्ही ८ किलो कमी ओझं घेऊन चालता, त्यामुळे त्याचाही खर्च घटला. आणि खाणं कमी पडतंय असं दिसलं की शरीर नकळत काटकसर करतं : उठबस कमी होते, उभ्याने व्हायची कामं बसून होऊ लागतात. अमेरिकेतले संशोधक केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अंदाज असा आहे की उतरलेल्या दर किलोमागे रोजचा खर्च २० ते ३० कॅलरींनी घटतो आणि भूक मात्र सुमारे १०० कॅलरींनी वाढते. तुमच्या ८ किलोंना हा हिशेब लावला तर खर्च १६० ते २४० कॅलरींनी कमी आणि भूक ८०० कॅलरींनी जास्त. एवढी भूक अंगावर घेऊन तुम्ही सात आठवडे ७४ वर टिकून आहात, हे घरच्यांना जरूर वाचून दाखवा.

पहिल्या चार महिन्यांतली घट पाहता तुमची रोजची तूट चारशे-पाचशे कॅलरींची असावी. त्यातली निम्मी खर्च घटल्यामुळे भरून निघाली. उरलेली अडीचशे कुठे गेली, ते स्वयंपाकघरात शोधायचं. ती चोरून खाण्यात क्वचितच जाते. भूक वाढली की हात सैल होतो आणि ते कुणाच्याच लक्षात येत नाही.

तेलापासून सुरुवात करा. तेलाचा नवा डबा किंवा पिशवी फोडाल त्या दिवशी त्यावर तारीख लिहा आणि संपेल त्या दिवशी दिवस मोजा. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. चार माणसांत महिन्याला ५ लिटर संपत असेल तर माणशी रोज ३८ ग्रॅम होतात, म्हणजे ३४० कॅलरी. तेच ३ लिटरवर आलं तर २३ ग्रॅम आणि २०५ कॅलरी. दीडशेच्या आसपासचा फरक एवढ्यातच निघतो, आणि ताटातला एकही पदार्थ जात नाही. फोडणीला बुधलीतून अंदाजाने ओतू नका, ५ मिलीच्या चमच्याने मोजून घाला.

मग कणकेचा गोळा वजनकाट्यावर ठेवा. ३० ग्रॅम पिठाचा गोळा पाणी धरून ४५ ते ४८ ग्रॅम भरतो आणि त्याची चपाती सुमारे १०० कॅलरींची होते. सहा महिन्यांत गोळा ६० ग्रॅमवर गेलेला असतो. चपात्या चारच राहतात, पण रोजच्या सव्वाशे कॅलरी वाढतात. दाण्याच्या कुटाचंही तसंच : भाजीतला एक भरघोस चमचा १० ग्रॅमचा, म्हणजे ५५ कॅलरी. चहात दोन चमचे साखर आणि अर्धी वाटी दूध असेल तर कपाला सत्तरेक कॅलरी धरा.

यातलं एकच निवडा, फार तर दोन, आणि दीडशे-दोनशे कॅलरींच्या वर कापू नका. एकदम पाचशे कापल्या तर भूक आणखी उसळते आणि पंधरा दिवसांत सगळा बेत मोडतो. त्याच वेळी प्रथिनं वाढवा, दिवसाला ६५-७० ग्रॅमपर्यंत. ३० ग्रॅम कोरड्या मटकीत किंवा डाळीत ७ ग्रॅम, एका अंड्यात ६, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८, ५० ग्रॅम सोयावडीत २५ ग्रॅम. प्रथिनांनी पोट जास्त वेळ भरलेलं वाटतं आणि स्नायू कमी झिजतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र हे डॉक्टरांना विचारूनच.

चालणं आहे ते चालू दे, पण आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा व्यायाम जोडा. खुर्चीतून हात न टेकता उठायचं-बसायचं दहा वेळा, असे तीन फेरे. भिंतीला हात टेकून दंड, तसेच तीन फेरे. पाच लिटरचा डबा दोन्ही हातांनी धरून छातीपर्यंत उचलायचा, तसाच. पहिले दोन-तीन आठवडे दुखावलेल्या स्नायूंत पाणी साठतं आणि काटा अर्धा-पाऊण किलो वरही जाऊ शकतो. तिथे घाबरून व्यायाम सोडू नका.

बदल केल्यावर चार आठवडे दुसरं काहीही बदलायचं नाही. यापुढे महिन्याला अर्धा किलो उतरलं तरी ती खरी घट आहे.

प्रश्न : मी रोज सकाळी वजन करतो. शुक्रवारी ८८.२ होतं, सोमवारी ८९.७. तीन दिवसांत दीड किलो चरबी वाढली का? सगळी मेहनत वाया गेल्यासारखं वाटतं.
*एक वाचक, ठाणे*

एक किलो चरबीत सुमारे ७७०० कॅलरी असतात. दीड किलो वाढायला गरजेपेक्षा साडेअकरा हजार कॅलरी जास्त खाव्या लागतील, आणि शनिवार-रविवारच्या मिसळीने तेवढ्या होत नाहीत. हे मीठ आणि पाणी आहे. मिसळ, फरसाण, पापड, लोणचं असं खारट झालं की शरीर पाणी धरून ठेवतं, ते दोन-चार दिवसांत ओसरतं. पोट साफ झालं नसेल तर त्याचंही वजन असतं.

रोज वजन करायला हरकत नाही, पण रोजचा आकडा म्हणजे निकाल समजू नका. शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, फरशीवर एकाच जागी ठेवलेल्या काट्यावर वजन करा आणि वहीत लिहा. रविवारी सात आकड्यांची सरासरी काढा. या महिन्याच्या शेवटच्या आठवड्याची सरासरी मागच्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्याशी ताडून पाहा. बायकांनी पाळीच्या त्याच दिवसांची तुलना करावी, कारण पाळीआधी किलोभर पाणी साठणं नेहमीचं आहे.

सोबत महिन्यातून दोनदा कंबर मोजा : शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, श्वास सहज सोडून, टेप न आवळता. सरासरी चार आठवडे जागची हलली नाही आणि कंबरही तेवढीच, तरच वजन अडकलं म्हणायचं. कंबर दोन सेंटिमीटर उतरली असेल तर काम चालू आहे.

प्रश्न : पोळी सोडून ज्वारीची भाकरी सुरू केली, सोमवार आणि गुरुवार उपवास करते. तरी तीन महिन्यांत काही फरक नाही.
*एक वाचक, नाशिक*

भाकरी चांगलीच आहे, तिच्यात चोथा आहे, ती पोटाला आधार देते. पण ७० ग्रॅम पिठाची एक भाकरी सव्वादोनशे-अडीचशे कॅलरींची होते, म्हणजे दोन पोळ्यांपेक्षा थोडी जास्तच. दोन पोळ्यांच्या जागी दोन भाकऱ्या आल्या असतील तर खाणं वाढलंय. दोन पोळ्यांना एक भाकरी, असा हिशेब धरा. वर लोण्याचा गोळा असेल तर तोही मोजा.

उपवासाचं जास्त महत्त्वाचं आहे. ६० ग्रॅम कोरडा साबुदाणा, २५ ग्रॅम दाण्याचं कूट, एक छोटा बटाटा आणि तीन लहान चमचे तूप, अशी एक थाळी खिचडी ५०० कॅलरींच्या पुढे जाते आणि प्रथिनं जेमतेम ७-८ ग्रॅम. दोन पोळ्या, वाटीभर मटकीची उसळ आणि कोशिंबीर हे जेवण चारशेच्या आसपास बसतं आणि १५-१६ ग्रॅम प्रथिनं देतं. उपवास श्रद्धेने करता, तो सोडा असं सांगणार नाही. ४० ग्रॅम वरीचे तांदूळ, पातळ दाण्याची आमटी, ताक किंवा दही, आणि संध्याकाळी एक उकडलेलं रताळं, असं करून पाहा. बटाट्याचा चिवडा, साबुदाणावडा आणि राजगिऱ्याची चिक्की यांत आठवड्याची तूट दोन दिवसांत भरून निघते. उपवास सोडताना रात्री दुप्पट वाढून घेतलं जातं का, तेही बघा.

प्रश्न : मला थायरॉइड आहे, गोळी चालू आहे. त्यामुळेच वजन अडकलंय का? मुलीचं लग्न तीन महिन्यांवर आहे, सध्या १२०० कॅलरींवर आहे, ८०० वर येऊ का?
*एक वाचक, कोल्हापूर*

टीएसएच, म्हणजे थायरॉइडचं काम नीट चाललंय का ते दाखवणारं रक्तातलं संप्रेरक, तपासून घ्या. गोळी घेऊन ते योग्य पातळीत असेल तर अडकलेल्या वजनाचं खापर थायरॉइडवर फोडता येणार नाही. उपचार न घेतलेल्या थायरॉइडनेही साधारण दोन ते चार किलोच वाढतात, आणि त्यात पाणी बरंच असतं. गोळी मात्र पाण्यासोबत, चहाच्या किमान अर्धा तास आधी घ्या, आणि कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळीत चार तासांचं अंतर ठेवा. स्टेरॉइड, इन्शुलिन, मधुमेहाच्या काही गोळ्या, मनोविकार आणि फिट्सची काही औषधं यांनीही वजन अडतं. ती स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांशी बोला.

८०० वर येऊ नका. इतकं कमी खाणं डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय करायचं नसतं. झपाट्याने वजन उतरलं की पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो, चरबीसोबत स्नायू जातात, आणि दोन-तीन महिन्यांनी केस मूठभर गळू लागतात. तुमच्या बाबतीत ते नेमकं लग्नाच्या सुमारास होईल.

१२०० सुद्धा तुम्हाला कमीच पडत असतील. पुढचे तीन-चार आठवडे वजन उतरवण्याऐवजी ते टिकवायचं ठरवा आणि दीडशे-दोनशे कॅलरी वाढवा, एक वाटी उसळ आणि एक वाटी दही एवढ्याने होतील. सुरुवातीला ग्लायकोजेन भरून काटा किलोभर वर जाईल, मग थांबेल. आजच्या वजनाच्या दीड किलो वर एक रेघ वहीत ओढून ठेवा. आठवड्याची सरासरी त्या रेघेच्या खाली राहिली की महिना सार्थकी लागला समजा. खरेदी, केळवणं आणि जागरणं आटोपली की पुन्हा तेल मोजायला घ्या. ब्लाउजची मापं मात्र आजच्या कंबरेने शिवायला टाका, आत अर्धा इंच माया ठेवून.