गोव्यातल्या हायर सेकंडरीला ॲडव्हान्स्ड गणित-विज्ञानासाठी निधी मिळाला तर तो कशावर खर्च करावा?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही पीटीएवर (पालक-शिक्षक संघावर) आहात, शाळेला थोडा निधी मिळायची शक्यता आहे आणि कमिटीत दोन तट पडलेत. एक म्हणतात लॅब आणि स्मार्ट क्लास करूया, दुसरे म्हणतात मूठभर हुशार पोरांसाठी एवढा पैसा घालणं म्हणजे बाकीच्यांवर अन्याय. लॅबचं नंतर बोलते. दुसरं जे आहे ना, ते मी २०१४ साली आमच्या स्टाफरूममध्ये अगदी याच शब्दांत ऐकलंय, आणि तेव्हा मला ते खोडून काढता आलं नाही, म्हणून आज लिहायला बसलेय.

मी सत्तरी तालुक्यात एका अनुदानित हायर सेकंडरीत २६ वर्षं गणित शिकवलं. त्या वर्षी एका कंपनीने शाळेला विज्ञान-गणितासाठी म्हणून चार लाख दिले. मी सात पोरांच्या ऑलिम्पियाडच्या, म्हणजे अवघड गणिताच्या स्पर्धेच्या, तयारीच्या बॅचचा हिशेब एका कागदावर लिहून प्रिन्सिपल सरांना दिला. शनिवारी शाळा सुटल्यावर दोन तास, वर्षाचे ३० शनिवार, तासाला ४०० रुपये म्हणजे २४,०००. लांबच्या पोरांना बसस्टॉपपर्यंत सोडायला रिक्षा, शनिवारी ३०० धरून ९,०००. पुस्तकं आणि झेरॉक्स ५,०००. एकूण ३८,०००. तासाचे पैसे मला नकोच होते, मी तर फुकट शिकवायला तयार होते, पण उद्या माझ्या जागी दुसरं कोणी आलं तर त्याने फुकट का शिकवावं, म्हणून मुद्दाम लिहिले. तो कागद अजून माझ्या फाइलमध्ये आहे.

सर म्हणाले, "बाई, सात पोरांसाठी? इथे बारावीला पंधरा-वीस गणितात अडकतात त्यांचं बघा. ऑलिम्पियाड वगैरे पणजी-मडगावच्या पोरांचं काम." आणि चार लाखांचा स्मार्ट बोर्ड, प्रोजेक्टर, स्पीकर आले, उद्घाटन झालं, फोटो पेपरात आला.

मी बॅच तरीही चालवली. सात पोरं, त्यातली दोन चतुर्थीनंतर यायची बंद झाली, उरली पाच. त्यात एक मुलगी होती, वडील दुसऱ्याच्या कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) कामाला, घर तिठ्यापासून चालत अर्धा तास. प्राथमिक शाळा मराठीतून झालेली, पाचवीपासून इंग्लिश मीडियम, म्हणजे आपल्याकडच्या गावातल्या बहुतेक पोरांसारखीच. सुचायचं सगळं, पण इंग्रजीत मांडायला जड जायचं. ऑलिम्पियाडला नुसतं उत्तर चालत नाही, का ते सिद्ध करून लिहावं लागतं, तेव्हा आम्ही असं ठरवलं की तिने आधी मराठीत लिहायचं आणि मग दोघींनी बसून इंग्रजी करायचं.

एका शनिवारी मी प्रश्न दिला: १ ते १०० मधले कुठलेही ५१ आकडे घ्या, त्यात असे दोन सापडणारच की एकाने दुसऱ्याला निःशेष भाग जातो, हे सिद्ध करा. हा प्रश्न जुना आहे, ज्यांनी ऑलिम्पियाडची तयारी केलीय त्यांना माहीत असेल. बाकी चौघांनी आकडे घालून घालून बघितले आणि सोडून दिलं. ही पुढच्या शनिवारी आली ती वहीची चार पानं भरून. प्रत्येक आकडा घेऊन अर्धा होतोय तोवर अर्धा करत गेलेली. ९६ चे ४८, २४, १२, ६, ३. ४० चे २०, १०, ५. म्हणाली, बाई, शेवटी विषम आकडाच उरतो, आणि १०० पर्यंत विषम आकडे ५०च आहेत. आकडे घेतलेत ५१. म्हणजे दोघांचं शेवटी एकच उरणार, मग त्यातल्या मोठ्याला लहानाने भाग जाणारच. आणि मग मी काही बोलायच्या आधी स्वतःच, "बाई, म्हाका कळ्ळें." मला कळलं.

मी एवढी वर्षं शिकवलं पण वर्गात असा क्षण मला फार थोड्या वेळा मिळाला. तिला कोणी ट्रिक सांगितली नव्हती, क्लास नव्हता, घरी इंटरनेट नव्हतं. तिला फक्त एक आठवडा पुरेल एवढा अवघड प्रश्न आणि तो ऐकून घ्यायला माणूस मिळाला होता.

रिजनल ऑलिम्पियाडला माझ्या मिस्टरांनी पाचही जणांना गाडीत कोंबून नेलं, कारण रविवारी पहिली बस वेळेत पोचत नव्हती. तेव्हा पेपरात सहा प्रश्न, तीन तास. तिचे दोन पूर्ण झाले, एक अर्धा. सिलेक्शन कुणाचंच झालं नाही. सोमवारी सर स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, "बघा, शेवटी काय हातात आलं?" मी गप्प बसले. पुढच्या वर्षी आमच्या भागातली संध्याकाळची बस कमी झाली आणि बॅच बंद पडली.

आता अन्यायाचं. शहरातला, पैसेवाला पालक वर्षाला लाख-दीड लाख भरून पोराला कोचिंगला घालतो, पार कोट्यालाही पाठवतो. त्याला शाळेत ॲडव्हान्स्ड कोर्स असला काय नसला काय, फरक पडत नाही. शाळेत तो नसला की बंद होतो तो फक्त कुळागरात काम करणाऱ्याच्या मुलीसाठी. म्हणजे अवघड गणित शाळेतून काढून टाकलं की ते आपोआप श्रीमंतांचं होतं, आणि आपण वर म्हणतो ते श्रीमंतांचंच आहे. अडकणाऱ्या पोरांकडे बघायलाच हवं, मी स्वतः त्यांचे जादा तास घेतलेत, पण एकाला वाढायचं म्हणून दुसऱ्याचं ताट उचलायचं हे मला मान्य नाही. सीबीएसईने दहावीला २०२० पासून बेसिक आणि स्टँडर्ड असं दोन पातळ्यांचं गणित केलं. सोपं हवं असणाऱ्यांची सोय झाली, चांगलं झालं. स्टँडर्डच्या वरचं हवं असणाऱ्याने कुठे जायचं?

आणि सरकारी योजना बघा. शाळकरी पोरांच्या विज्ञानातल्या कल्पनांसाठी इन्स्पायर मानक आहे, त्यात कल्पना निवडली गेली की पोराला १०,००० मिळतात. बारावीनंतर बेसिक सायन्स घेतलं आणि बोर्डात वरच्या एक टक्क्यात असलात तर इन्स्पायरची वर्षाला ८०,००० ची स्कॉलरशिप. एनटीएसई ही दहावीची स्कॉलरशिप परीक्षा २०२१ पासून थांबलीय, केव्हीपीवाय ही विज्ञानाची स्कॉलरशिप २०२२ ला इन्स्पायरमध्ये घालून बंद केली. यात वाईट काही नाही, पण हे सगळं ज्याला आधीच येतं त्याला बक्षीस देणं झालं. आधी त्याला शिकवणार कोण? अमेरिकेत एपी कोर्स, म्हणजे शाळेतच कॉलेजच्या पातळीचं शिकवणारे कोर्स, वाढवायला देणगीदारांनी जे पैसे घातले, टेक्सासमध्ये वगैरे, त्यात शिक्षकांचं ट्रेनिंग, शनिवारचे जादा तास आणि परीक्षेची फी या गोष्टी होत्या. पास होणाऱ्या पोरांना रोख बक्षीसही द्यायचे, ते मला पटत नाही, पण शिक्षकाच्या तासाला पैसे लागतात एवढं तरी त्यांना कळलं होतं.

आपण गणितज्ञ डी. डी. कोसंबींचं नाव अभिमानाने घेतो. जन्म १९०७, कोसबेतला, पण गणित शिकले ते हार्वर्डला. शास्त्रज्ञ डॉ. माशेलकर माशेलचे, शिकले मुंबईत. तेव्हा गोव्यात काही नव्हतं, ठीक आहे. आज झुआरीनगरला २००४ पासून बिट्स हे इंजिनिअरिंग-विज्ञानाचं विद्यापीठ आहे, फर्मागुडीला २०१६ पासून आयआयटी आहे. तिथले पीएचडी करणारे विद्यार्थी महिन्यातून एक शनिवार आपल्या शाळेत आले तर केवढं होईल. मानधन आणि गाडीभाडं द्या आणि विचारून तर बघा.

लॅबबद्दल विचारलंत. अटल टिंकरिंग लॅबला केंद्राकडून २० लाखांपर्यंत मिळतात, १० उभारायला आणि १० पाच वर्षं चालवायला. सेन्सर, रोबोटिक्स, थ्रीडी प्रिंटरसाठी ती चांगली आहे, मिळत असेल तर अर्ज जरूर करा, पण त्याच कारणाने तुमच्या हातातला हा निधी परत वस्तूंवर घालू नका. स्मार्ट बोर्डही अगदीच वाया गेला असं म्हणणार नाही, आमचे फिजिक्सचे सर वापरायचे. केमिस्ट्री-बायोचं मला बोलता येणार नाही, तिथे प्रॅक्टिकलचं सामान खरंच लागत असेल. आणि सगळेच प्रिन्सिपल आमच्यासारखे नसतात हेही मान्य.

ती मुलगी पुढे गणितात एमएस्सी झाली. आज एका हायर सेकंडरीत लेक्चर बेसिसवर शिकवते, जितके तास तितके पैसे, मे महिन्यात काहीच नाही. शनिवारी पाच-सहा पोरांना घेऊन बसते, त्याचे पैसे तिलाही कोणी देत नाही. सर, हे हातात आलं.

तुमच्या प्रस्तावात पहिला खर्च शिक्षकाच्या तासांचा लिहा, दुसरा येण्याजाण्याचा, मग पुस्तकं. ऑलिम्पियाडचं काम मानखुर्दचं होमी भाभा केंद्र बघतं, जुने पेपर ऑनलाइन फुकट मिळतात, त्यावर पैसे घालू नका. तीन वर्षांची हमी मागा, एका वर्षात सिलेक्शन दाखवा म्हणणाऱ्याचे पैसे घेऊच नका. आणि बॅचची वेळ ठरवायच्या आधी शेवटच्या कदंबाची, म्हणजे सरकारी बसची, वेळ बघा. ती बदलून हवी असेल तर डेपोला पीटीएच्या लेटरहेडवर पत्र शाळा सुरू व्हायच्या आधीच द्या, नंतर कोणी ऐकत नाही.