प्राथमिक आरोग्य केंद्रात गर्भनिरोधक इम्प्लांट सुरू करायचं तर तयारी काय लागते?

प्रश्न असा आहे: "मी दौंड तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी आहे. तांबी, अंतरा इंजेक्शन, छाया गोळी आमच्याकडे आहेत. दंडातली सळई, म्हणजे इम्प्लांट, कार्यक्रमात आली तर प्रशिक्षण, साहित्य, नोंदी याची तयारी कशी करावी? हंगामात इथे ऊसतोडीच्या टोळ्या असतात, त्यांना ती द्यावी का?"

नमस्कार डॉक्टर. माझा आग्रह एकच आहे: आधी सळई काढण्याची सोय उभी करा आणि मगच पहिली सळई बसवा. सर्वसाधारणपणे उलट घडतं. अप्लिकेटरचे, म्हणजे सळई बसवायच्या सुईच्या उपकरणाचे, खोके येतात, दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं, बसवण्याचं उद्दिष्ट ठरतं, आणि काढायला आलेल्या बाईला "इथे होत नाही, मोठ्या दवाखान्यात जा" असं सांगितलं जातं. इथिओपियाने २००९ पासून गावपातळीवरच्या आरोग्यसेविकांना सळई बसवायला शिकवलं. लाखो बायकांना घराजवळ साधन मिळालं, ही मोठी गोष्ट आहे. पण काढण्याचं काम वरच्या केंद्राकडे ठेवलं होतं, आणि मुदत संपत गेली तशी तिथे अडचण झाली.

आपल्याकडे याला जुना संदर्भही आहे. नॉरप्लांट या जुन्या इम्प्लांटच्या सहा नळ्यांच्या चाचण्या भारतात झाल्या, तेव्हा स्त्री संघटनांनी जोरदार विरोध केला. साधन बाईच्या अंगात आणि ते काढण्याचा अधिकार डॉक्टरच्या हातात, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. मला तो आजही रास्त वाटतो. त्यावर उत्तर एकच: बाई म्हणेल त्या दिवशी, कारण न विचारता, फुकट काढून देणं.

आता साधनाविषयी थोडक्यात. एका सळईचं इम्प्लांट ४ सेंटिमीटर लांब आणि २ मिलिमीटर जाड असतं. त्यात ६८ मिलिग्रॅम इटोनोजेस्ट्रेल हे हार्मोन असतं आणि मुदत ३ वर्षांची असते. वर्षाला हजार बायकांमागे एखादीच गर्भार राहते, तीही क्वचित. इस्ट्रोजेन नसल्यामुळे अंगावर पाजणाऱ्या आईला चालतं. पाळीच्या पहिल्या ५ दिवसांत बसवलं तर वेगळी काळजी लागत नाही. नंतर बसवायचं असेल तर गर्भ नसल्याची खात्री करून घ्या आणि ७ दिवस निरोध वापरायला सांगा. स्तनाचा कर्करोग असेल तर अजिबात देऊ नये. कारण न कळलेला रक्तस्राव, यकृताचा गंभीर आजार किंवा गाठ, पायाच्या शिरेत नुकतीच झालेली रक्ताची गुठळी, यांत आधी तज्ज्ञाकडे पाठवा.

एक प्रश्न मात्र प्रत्येकीला विचाराच: क्षयाची किंवा फिट्सची गोळी चालू आहे का? रिफाम्पिसिन, फेनिटोइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटोन यांनी हार्मोनची रक्तातली पातळी खाली येते. एचआयव्हीच्या औषधांतल्या इफाव्हिरेन्झनेही तेच होतं. अशा बाईला तांबी जास्त भरवशाची.

बसवताना जी चूक होते ती बहुधा खोलीची. बाईला उताणी झोपवा, कमी वापराच्या हाताचा कोपर दुमडून तळवा डोक्याखाली ठेवायला सांगा. कोपराच्या आतल्या हाडापासून वर ८ ते १० सेंटिमीटर मोजा, तिथून दंडाच्या मागच्या बाजूला ३ ते ५ सेंटिमीटर सरकून खूण करा. बायसेप्स आणि ट्रायसेप्सच्या मधल्या खाचेत बसवू नका; तिथे शिरा, धमनी आणि नसा (मज्जातंतू) आहेत. भुलीसाठी १ टक्का लिग्नोकेन २ मिलिलिटर द्या, सळई जाईल त्या वाटेवर. अप्लिकेटरचं टोपण काढल्यावर सुईच्या टोकात पांढरी सळई दिसते का ते पाहा. सुई ३० अंशांपेक्षा कमी कोनात टोचा, टोक कातडीखाली गेलं की अप्लिकेटर आडवा करा आणि कातडी वर उचलत सुई पूर्ण आत सरकवा. सुई पूर्ण आत गेल्याशिवाय जांभळ्या खिट्टीला हात लावू नका. हे सगळं बसून, बाजूने बघत करायचं, म्हणजे सुई कातडीखालून सरकताना दिसते. उभं राहून वरून पाहिलं तर ती खाली स्नायूत गेलेली कळत नाही. ऊसतोडीच्या बायका काटक असतात, दंडावर चरबी जवळजवळ नसते, त्यामुळे त्यांच्यात हा धोका अधिक.

मग सळईची दोन्ही टोकं तुम्ही चाचपा आणि तिलाही चाचपायला लावा. हाताला लागली नाही तर ती आत गेलीच नाही किंवा खोल गेली. खात्री होईपर्यंत दुसरं साधन द्या. दाबाची पट्टी २४ तास ठेवा, आतली छोटी पट्टी ३ ते ५ दिवस.

काढण्यासाठी ट्रे वेगळा बांधून ठेवा: ११ नंबरचं ब्लेड, दोन बाकदार मॉस्किटो फोर्सेप, भूल, गॉझ, पट्ट्या. खोक्यातून अप्लिकेटर येतात, फोर्सेप येत नाहीत, म्हणून इंडेंटमध्ये, म्हणजे साहित्याच्या मागणीपत्रात, ते स्वतंत्र लिहा. काखेकडचं टोक बोटाने दाबलं की कोपराकडचं वर उचलतं. भूल ०.५ ते १ मिलिलिटर त्या टोकाच्या खाली द्या. वर दिली तर कातडी फुगते आणि सळई बोटाला लागेनाशी होते, नव्या हातांची हीच अडचण होते. २ मिलिमीटरचा उभा छेद घ्या, सळई त्याकडे ढकला, टोकावरचा पांढरा पापुद्रा ब्लेडने खरवडा, फोर्सेपने धरून काढा. बाहेर आल्यावर लांबी मोजा, ४ सेंटिमीटर भरली पाहिजे. नवी हवी असेल तर त्याच छेदातून बसवता येते.

सळई हाताला लागत नसेल तर छेद घेऊच नका. तिच्यात बेरियम असतं, त्यामुळे साध्या एक्स-रेत दिसते. नेमकी खोली सोनोग्राफीच्या जास्त फ्रिक्वेन्सीच्या लिनिअर प्रोबने कळते. जागा कळल्याशिवाय शोधायला गेलं की नसेला इजा होते. अशी बाई पुण्यात कोणाकडे पाठवायची, हे सुरुवातीलाच जिल्ह्याकडून लेखी ठरवून घ्या. रेडिऑलॉजी आणि सर्जन एका छपराखाली असलेलं ठिकाण हवं.

आता अंगावरून जाण्याबद्दल. बायका सळई काढायला येतात त्या मुख्यतः यासाठी. ११ चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात ९० दिवसांच्या कालखंडांपैकी सुमारे २२ टक्क्यांत पाळी आलीच नाही, ३४ टक्क्यांत क्वचित आली, १८ टक्क्यांत रक्तस्राव लांबला आणि ७ टक्क्यांत वारंवार झाला. म्हणजे पाळी बदलणार हे नक्की, कशी बदलेल ते आधी सांगता येत नाही. बसवण्याआधी हे याच शब्दांत सांगा. "थोडं इकडेतिकडे होतं" एवढ्यावर भागवू नका. रक्तस्राव लांबला तर गर्भ आणि जंतुसंसर्ग नाही याची खात्री करून ५ दिवस मेफेनामिक ॲसिड किंवा आयब्युप्रोफेन, आणि इस्ट्रोजेन चालत असेल तर २१ दिवस मिश्र गर्भनिरोधक गोळ्या देता येतात. आराम तात्पुरता असतो, हेही सांगा. तरीही ती काढा म्हणाली तर काढा.

ऊसतोडीच्या बायकांना द्यावी का? द्यावी, मागितली तर. पण त्यांच्या बाबतीत रक्तस्रावाची किंमत फार मोठी आहे. खाडा पडला की मुकादम पैसे कापतो, फडात पाणी नाही, आडोसा नाही. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांबद्दल २०१९ मध्ये राज्याला चौकशी समिती नेमावी लागली होती. सळईमुळे अंगावरून जाणारी बाई गावी परतल्यावर भलत्या डॉक्टरकडे गेली आणि सळईचं त्याला कळलंच नाही, तर काय होईल याचा विचार करा. म्हणून तिच्या कार्डावर मराठीत ठळक लिहा: कोणत्या दंडात, कधी बसवली, कधी काढायची, आणि "पाळी बदलली तर आधी हे कार्ड दाखवा". तिच्या गावच्या आशाताईंचा फोन रजिस्टरमध्ये घ्या आणि बसवल्याच्या आठवड्यातच त्यांना कळवा. साखर कारखान्याचा पट्टा पडण्याआधी, म्हणजे टोळ्या परत निघण्याच्या महिनाभर आधी, प्रत्येकीला एकदा बोलावून विचारा: ठेवायची की काढायची?

रजिस्टरमध्ये बसवल्याच्या रकान्याशेजारी "काढायला आली" आणि "त्याच दिवशी काढली" असे दोन रकाने आखा. अनेक अभ्यासांत वर्ष संपताना ८० ते ९० टक्के बायकांनी सळई ठेवलेली दिसते. तुमच्या रजिस्टरमध्ये वर्षभरात काढायला एकही आली नाही, तर खूश होऊ नका. आशाताईंना घरोघरी विचारायला पाठवा की कोणी परत पाठवली गेली का. मासिक बैठकीत तुम्हाला फक्त बसवल्याचा आकडा विचारला जाईल. तिथे हे दोन आकडे आपणहून वाचून दाखवा.